ऑटोमेशन गेममध्ये स्वतःची मोटार कंपनी काढायची असेल तर

जीटीए हा व्हिडिओ गेम खेळलेल्या माणसाला व्हॅपिड, ग्रोटी, पेगासी ही नावं वेगळी सांगावी लागत नाहीत. नाव बदललेलं, लोगो बदललेला, पण बॉनेटकडे एक नजर टाकली की व्हॅपिडमागे फोर्ड दिसते आणि ग्रोटीमागे फेरारी. खरी नावं वापरायची तर परवाने घ्यावे लागतात, आणि आपली गाडी चेपलेली, पेटलेली दाखवायला खऱ्या कंपन्या सहसा राजी नसतात. म्हणून गेमवाले स्वतःच्याच कंपन्या रचतात. जर्मनीत ब्रेमेनला बनणाऱ्या बीमएनजी.ड्राइव्ह या गाडी चालवण्याच्या गेममध्ये तर गाड्यांचा अख्खा बाजारच असा आहे: जपानी थाटाची इबिशू, अमेरिकी गॅव्हरिल, जर्मन ईटीके, इटालियन चिवेटा.

ऑटोमेशन या सगळ्यांपेक्षा वेगळा. इथे कंपनी आयती मिळत नाही, ती तुम्हीच काढायची असते. कॅमशाफ्ट सॉफ्टवेअरचा हा गेम मार्च २०१५पासून स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात आहे. सिलिंडरचा व्यास ठरवण्यापासून दाराची मूठ कुठे बसवायची इथपर्यंत सगळं आपल्या हातात असतं. नवा माणूस गोंधळतो तो नेमका इथेच. पहिल्याच संध्याकाळी तो व्ही १२, म्हणजे बारा सिलिंडरचं, इंजिन बनवतो, ते कुठल्याच बॉडीत मावत नाही, मावलं तर गाडी कोणी घेत नाही, आणि गेम बंद होतो तो होतोच.

तसं होऊ नये म्हणून या पायऱ्या. माझं म्हणणं थोडक्यात असं की गाडी बनवायला बसू नका, कंपनी बनवायला बसा. आज काढलेलं इंजिन पुढची पंधरा वर्षं आणखी तीन-चार गाड्यांत बसणार आहे हे धरून चाललात, तर निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

आधी हे जवळ असू द्या

- विंडोज असलेला संगणक. रॅम १६ जीबी असेल तर काम सुखाचं होतं. ग्राफिक्स कार्ड वेगळं असलेलं बरं.
- स्टीमचं खातं. भारतात यूपीआयने पैसे भरता येतात. हिवाळ्याच्या किंवा उन्हाळ्याच्या सेलपर्यंत थांबायची तयारी असेल तर थांबा.
- चाक असलेला साधा माउस. लॅपटॉपच्या टचपॅडवर दिवे आणि जाळ्या बसवणं म्हणजे शिक्षा आहे.
- वही किंवा स्प्रेडशीट. ही गंमत म्हणून सांगत नाही, दुसऱ्या पायरीत लागणार आहे.
- बीमएनजी.ड्राइव्ह, पण ते ऐच्छिक आणि वेगळं विकत घ्यायचं. आपली गाडी चालवून पाहायची असेल तरच. ऑटोमेशनमध्ये गाडी चालवता येत नाही, हे माहीत नसल्याने बऱ्याच जणांचा विरस होतो.

एक व्यवहाराची गोष्ट. स्टीम पैसे परत देतं ते खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचा वेळ २ तासांपेक्षा कमी असेल तर. या गेममध्ये २ तास नुसते एक्झॉस्टचा पाइप जाड करायचा की बारीक यात जातात. त्यामुळे आपला संगणक झेपवतो का, हे पहिल्या अर्ध्या तासात पाहून घ्या. एखादी तयार गाडी उघडा, बॉडी बदला, दिवे बसवा, किती अडखळतं ते बघा. बाकी शिकणं नंतर.

पायरी १: सेटिंगमध्ये एकके बदला आणि सॅण्डबॉक्स उघडा

गेमची भाषा इंग्रजी ठेवा, कारण मदतीचे सगळे व्हिडिओ आणि चर्चा त्याच शब्दांत आहेत. एकके मात्र मेट्रिक करून घ्या. इंधनाचा आकडा तेव्हा दर १०० किलोमीटरला किती लिटर असा दिसतो. आपल्याला सवय 'ॲव्हरेज किती देते' याची, तर १०० ला त्या आकड्याने भागा. गेम ८ म्हणत असेल तर गाडी साडेबारा देते, १० म्हणत असेल तर दहा. म्हणजे इथे आकडा जितका लहान तितकं ॲव्हरेज चांगलं. सुरुवातीला हे उलटं वाचून लोक चांगली गाडी बिघडवून ठेवतात.

मग कॅम्पेनकडे, म्हणजे वर्षानुवर्षं कंपनी चालवायच्या खेळाकडे, वळूनही न पाहता सॅण्डबॉक्स, म्हणजे मोकळा सराव, उघडा. तिथे पैसे संपत नाहीत, वर्ष तुम्हाला हवं ते, आणि चूक झाली तरी कारखाना बंद पडत नाही. चार-सहा गाड्या पूर्ण होईपर्यंत सॅण्डबॉक्सच.

पायरी २: कंपनीची कुंडली कागदावर मांडा

इंजिनच्या पडद्यावर जाण्याआधी वहीत चार ओळी लिहा: कंपनी कुठली, कोणत्या वर्षी सुरू झाली, पहिलं गिऱ्हाईक कोण, आणि काय कधीच बनवणार नाही.

गेमचं जग काल्पनिक देशांचं आहे. गॅस्मिया, फ्रुइनिया, हेटव्हेशिया, अर्चना, डालुहा. हो, अर्चना नावाचा देश आहे, आणि मराठी माणसाला तो शब्द वाचून पहिल्यांदा हसू येणारच. प्रत्येक देशाचा बाजार निराळा, लोकांच्या खिशातला पैसा निराळा. गॅस्मियात ऐसपैस गाड्यांना मागणी, अर्चनात स्वस्त आणि दणकट गाडीला. सॅण्डबॉक्समध्येही बाजाराचा तक्ता पाहता येतो, त्यामुळे देश आधी ठरवलेला बरा.

चौथी ओळ सगळ्यांत कामाची. 'ही कंपनी सहा सिलिंडरच्या वर जाणार नाही' किंवा 'मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी सोडून काही बनवणार नाही' असं एखादं बंधन घालून घ्या. गेममध्ये पर्याय इतके आहेत की बंधन नसेल तर तुमच्या सगळ्या गाड्या एकमेकींच्या अनोळखी वाटतात. इबिशूची कुठलीही गाडी पाहिली तरी ती इबिशूचीच वाटते, कारण रचणाऱ्यांनी ती कंपनी काय करत नाही हेही ठरवून ठेवलेलं आहे.

नावाबद्दल एवढंच: ब्रँडचं नाव मॉडेलच्या नावातच लिहा आणि पुढे वर्ष टाका. दोन महिन्यांनी यादीत 'टेस्ट', 'टेस्ट २', 'टेस्ट फायनल', 'टेस्ट फायनल खरी' अशी रांग लागली की याचं मोल कळेल.

पायरी ३: फॅमिली-व्हेरियंट आणि मॉडेल-ट्रिम हा फरक पक्का करा

सगळा गेम या दोन जोड्यांवर उभा आहे.

इंजिनची फॅमिली म्हणजे साचा: सिलिंडर किती आणि कसे मांडलेले, ब्लॉक कशाचा, व्हॉल्व्ह कसे हलणार, आणि बोअर (सिलिंडरचा व्यास) व स्ट्रोक (पिस्टनची धाव) यांची कमाल मर्यादा. व्हेरियंट म्हणजे त्या साच्यातून काढलेलं एक प्रत्यक्ष इंजिन: नेमका बोअर-स्ट्रोक, पिस्टन, कॉम्प्रेशन, कार्ब्युरेटर की इंजेक्शन, सायलेन्सर. गाडीचंही तसंच. मॉडेल म्हणजे बॉडी, चासी, सस्पेन्शनचा प्रकार आणि इंजिन पुढे की मागे. ट्रिम म्हणजे त्यावरची एलएक्स, व्हीएक्स, झेडएक्स.

फॅमिली बदलली तर सगळं नव्याने. व्हेरियंट बदलला तर थोडक्यात भागतं.

पुण्याजवळ रांजणगावला फियाट आणि टाटांच्या कारखान्यात, आणि मारुतीसाठी मानेसरला, जे १२४८ सीसीचं मल्टिजेट डिझेल बनायचं ते आठवा. फियाटच्या पुंटो-लिनियात तेच, टाटाच्या इंडिका व्हिस्टात तेच, मारुतीच्या स्विफ्टमध्येही तेच. ट्यूनिंग वेगळं, टर्बो वेगळा, बॉनेटखालचं प्लॅस्टिकचं झाकण वेगळं, मुळात इंजिन एक. ऑटोमेशनमध्ये डिझेल नाही, सगळा कारभार पेट्रोलचा, पण विचार हाच करायचा. एका फॅमिलीतून किती गाड्या निघतील?

म्हणून फॅमिलीचा बोअर पहिल्या गाडीला लागतो त्यापेक्षा थोडा मोठा ठेवा. ब्लॉक जरासा जड होईल, पण सहा वर्षांनी मोठं इंजिन हवं झालं तर नवी फॅमिली काढावी लागणार नाही. किती मोठा? चार-पाच मिलिमीटर पुष्कळ. छोट्या गाडीच्या फॅमिलीला तीन लिटरची मर्यादा देऊन ठेवली तर ते इंजिन कायमचं जाडजूड होऊन बसतं आणि लहान बॉडीत मावत नाही.

पायरी ४: पहिलं इंजिन, पद्मिनीच्या मापाचं

सरावासाठी कोरा कागद घेऊ नका. माहीत असलेल्या इंजिनची मापं घ्या. माझी शिफारस कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीची. तिचं इंजिन चार सिलिंडरचं, पुशरॉडचं (म्हणजे लांब दांड्यांनी व्हॉल्व्ह हलवणारं), बोअर ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी, म्हणजे १०८९ सीसी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत ते किती चाललं हे वेगळं सांगायला नको. नव्या माणसाला हे इंजिन बरं, कारण त्यात लपवाछपवी काही नाही.

क्रम असा ठेवा:

१. वर्ष १९६४ करा, फॅमिलीचं आणि व्हेरियंटचंही. वर्षाप्रमाणे तंत्रज्ञान उघडतं. २०२०वर ठेवलंत तर डायरेक्ट इंजेक्शनसुद्धा समोर येईल आणि मोह आवरणार नाही.

२. इनलाइन ४, ब्लॉक कास्ट आयर्नचा, हेड पुशरॉडचं, सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह.

३. फॅमिलीचा बोअर ७२ आणि स्ट्रोक ७५ ठेवा, म्हणजे मर्यादा १२२१ सीसी. व्हेरियंटला मात्र ६८ बाय ७५. उद्याची सोय झाली.

४. क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड, पिस्टन तिन्ही कास्ट, साधे. फोर्ज्ड भाग दिसायला भारी वाटतात, इथे पैसा वाया.

५. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, ७ ते ८च्या मधे कुठेतरी. कॅमचा स्लायडर मधल्यापेक्षा खाली, म्हणजे खालच्या गिअरमध्ये गाडी ओढेल.

६. कार्ब्युरेटर एक, सिंगल बॅरल. इंधन त्या काळचं शिसंयुक्त, साध्या दर्जाचं.

७. आरपीएमची मर्यादा ५००० आणि मग टेस्ट.

आता आलेखाखालचे लाल-पिवळे इशारे वाचा. या गेममधलं खरं शिक्षण त्या इशाऱ्यांत आहे, आणि लोक तेच वाचत नाहीत.

*इंजिन नॉक करतं* (मिश्रण अवेळी पेटून ठोके बसतात) असा इशारा आला तर तुम्ही दिलेल्या पेट्रोलला कॉम्प्रेशन किंवा इग्निशन टायमिंग झेपत नाही. पेट्रोलची प्रत आरओएन, म्हणजे ऑक्टेन, आकड्यात दिसते. साधं अनलेडेड ९१, प्रीमियम ९५. कॉम्प्रेशन ०.५ने खाली आणा, किंवा टायमिंग थोडं मागे घ्या. महाग पेट्रोल देऊन टाकणं हा तिसरा मार्ग, पण मग गिऱ्हाइकाला कायम महाग पेट्रोल भरावं लागणार आणि बाजारात त्याचा फटका बसतो.

*व्हॉल्व्ह फ्लोट* म्हणजे आरपीएम इतके चढले की स्प्रिंगला व्हॉल्व्ह वेळेवर बंद करता येईनात. पुशरॉडमध्ये हे लवकर होतं. मर्यादा खाली आणा. त्या काळच्या कुटुंबाच्या गाडीला ७००० आरपीएम कोणी मागितलेले नव्हते.

*पिस्टन किंवा रॉडवर ताण.* इथे एक साधं गणित पाठ ठेवा: स्ट्रोक मीटरमध्ये घ्या, दुप्पट करा, आरपीएमने गुणा, ६०ने भागा. आपल्या इंजिनाचं ७५ मिमी स्ट्रोक आणि ५००० आरपीएमला येतं सेकंदाला १२.५ मीटर. तेच ६५०० केले की सव्वासोळा. लांब स्ट्रोकचं इंजिन जास्त का फिरवता येत नाही, ते या एका आकड्यात कळतं. जास्त फिरवायचं असेल तर बोअर मोठा आणि स्ट्रोक आखूड.

इशारे गेले की मग स्लायडर एकेक करून हलवा. एका वेळी एकच. एक्झॉस्टचा व्यास एक पायरी वाढवला तर शेवटी किती ताकद वाढली? नाही वाढली तर परत मागे, कारण आवाज वाढला आणि बाकी काही मिळालं नाही. मिश्रण जाड केलं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल वाढवलं, की ताकद वाढते आणि ॲव्हरेज पडतं. ते १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल या प्रमाणाच्या जवळ ठेवणं पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) आल्यावर लागेलच. त्या कन्व्हर्टरला अनलेडेड पेट्रोलच हवं, हेही तिथे गेम सांगतो. आपल्याकडे १९९५मध्ये मुंबईसह चार महानगरांत नव्या गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तेव्हा पंपांवर शिसं नसलेलं पेट्रोल आणावं लागलं ते याच कारणाने.

शेवटचा सापळा क्वालिटीच्या स्लायडरचा. प्रत्येक भागाला तो उणे १५ ते अधिक १५ असा असतो. नवा माणूस सगळे स्लायडर उजवीकडे ओढतो आणि इंजिन चांगलं झालं म्हणून खूश होतो. झालेलं असतं ते महाग आणि बनवायला वेळखाऊ. सुरुवातीला सगळे शून्यावर. अडचण जिथे आहे तिथेच दोन-तीन वाढवा.

पायरी ५: आधी बॉडी, मग इंजिनचा हट्ट

बॉडी निवडताना चाकांमधलं अंतर बघा, देखणेपणा नंतर. दोन मीटर चाळीस सेंटिमीटरच्या आसपासचा व्हीलबेस छोट्या कुटुंबाच्या गाडीला पुरतो. बॉडी निवडली की इंजिन कुठे आणि कसं बसणार ते ठरतं. इंजिन आडवं बसवलं तर पुढच्या चाकांना ताकद, आत जागा जास्त, खर्च कमी, पण लांब इंजिन मावत नाही. उभं बसवलं तर मागच्या चाकांना ताकद देता येते. आपली सरावाची गाडी उभ्या इंजिनाची, मागच्या चाकांची.

चासीत १९६०च्या दशकासाठी लॅडर (शिडीसारखा वेगळा सांगाडा) किंवा मोनोकॉक (बॉडी हाच सांगाडा) हे दोनच विचारात घ्या. ट्रक, जीप असेल तर लॅडर, गाडी असेल तर मोनोकॉक. साहित्य साधं स्टील, पण गंजाचा आकडा बघा. पुढे डबल विशबोन, मागे सॉलिड ॲक्सल आणि पाटे. स्वस्त, टिकाऊ, खड्ड्यांना दाद न देणारं.

गिअर चार, मॅन्युअल. टॉप स्पीडचा स्लायडर गाडीच्या ऐपतीला धरून ठेवा. इंजिन गाडीला १२० पर्यंतच नेणार असेल आणि गिअरिंग १८०चं असेल, तर शेवटचा गिअर नुसता शोभेचा.

टायर आणि ब्रेक यांत नवशिके दोन टोकांना जातात. रुंद टायर टाकले की ग्रिप वाढते हे खरं, पण ॲव्हरेज पडतं, आणि खर्च व स्टिअरिंगचा जडपणा दोन्ही वाढतात. चारही चाकांना ड्रम पुरेसे आहेत का, ते ब्रेक फेडच्या (तापल्यावर ब्रेक किती ढिले पडतात त्या) आकड्यावरून कळतं. तो शून्याच्या जवळ असेल तर डिस्कवर पैसे उधळू नका. मागचे ब्रेक पुढच्यांपेक्षा ताकदवान ठेवू नका, गाडी ब्रेक मारल्यावर मागून फिरते.

कूलिंगची हवा मोजकी द्या. गरजेपेक्षा जास्त हवा आत घेतली की गाडी हवेत अडते.

पायरी ६: सस्पेन्शनला घाबरू नका, प्रीसेट लावा

या पडद्यावर आलेख बघून अनेक जण गेम सोडतात. सोडू नका. आधी कम्फर्ट किंवा नॉर्मल प्रीसेट, म्हणजे गेमने तयार ठेवलेली मांडणी, दाबा. मग एकच आलेख बघा, वळणावर गाडी किती बाहेर जाते किंवा मागून किती घसरते तो. साध्या गिऱ्हाइकाच्या गाडीने कमी वेगात आणि जास्त वेगात, दोन्हीकडे, थोडं बाहेर जायला हवं. मागून घसरणारी गाडी तुम्हाला मजेदार वाटेल, गेममधल्या काकू ती घेणार नाहीत. मागून घसरत असेल तर पुढचा अँटिरोल बार (वळणावर गाडी कलू न देणारी सळई) थोडा कडक करा, नाहीतर मागचा सैल. बस. स्प्रिंग आणि डॅम्परच्या खोलात दहाव्या गाडीपासून शिरा.

पायरी ७: चेहरा

इथे वेळ घालवा, मनसोक्त. पण एक शिस्त पाळा. कंपनीच्या सगळ्या गाड्यांत सारखी राहील अशी एकच खूण ठरवा: जाळीचा आकार, किंवा मागच्या दिव्यांची मांडणी, किंवा दारावरची एक रेघ. बाकी सगळं काळाप्रमाणे बदलू द्या. एका बाजूला बसवलेला दिवा दुसऱ्या बाजूला आपोआप बसतो. नंबरप्लेट, आरसे, वायपर, पेट्रोलचं झाकण आणि दाराच्या मुठी विसरू नका. यांच्याशिवाय गाडी साबणाच्या वडीसारखी दिसते आणि काय चुकलंय ते कळत नाही.

मॉड, म्हणजे इतर खेळाडूंनी बनवलेल्या बॉडी आणि भाग, मिळतात भरपूर, स्टीम वर्कशॉपवर. पहिले काही आठवडे एकही घेऊ नका. एखाद्या मॉडची बॉडी वापरलीत आणि ते मॉड पुढच्या आवृत्तीत चाललं नाही, तर गाडीच उघडत नाही.

पायरी ८: बाजाराचा तक्ता वाचणं

गाडी पूर्ण झाली की गिऱ्हाइकांच्या गटांचा तक्ता उघडा. प्रत्येक गट वेगळ्या गोष्टींना महत्त्व देतो: कोणाला आराम, कोणाला चालवायला सोपी, कोणाला देखभालीचा खर्च कमी, कोणाला नुसता रुबाब. सगळ्या गटांत आकडे चढवायच्या मागे लागू नका. वहीत पहिलं गिऱ्हाईक कोण म्हणून लिहिलंय? फक्त त्या गटाचा आकडा बघा, आणि त्यांना परवडणाऱ्या किमतीत गाडी बसते का ते. बसत नसेल तर आतल्या सजावटीतून काटछाट करा: रेडिओ, सीट, मऊ अस्तर. त्यात सगळ्यांत लवकर पैसा वाचतो.

सुरक्षेचा पर्याय मात्र काळाला साजेसा ठेवा. वजन वाचवायला १९८०च्या गाडीत १९५०ची सुरक्षा टाकणारे असतात. ती गाडी मुलाबाळांचं गिऱ्हाईक नाकारतं.

पायरी ९: मग कॅम्पेन

१९४६ला सुरुवात, २०२०ला शेवट. सोपी पातळी निवडा, लाज वाटायचं कारण नाही.

सॅण्डबॉक्समध्ये न जाणवलेली गोष्ट इथे डोक्यावर बसते, ती म्हणजे वेळ. आज काढलेली गाडी विकायला काही वर्षांनी येते. तोपर्यंत स्पर्धकही पुढे गेलेले असतात. म्हणून आजच्या नव्हे, गाडी बाजारात येईल त्या वर्षीच्या गिऱ्हाइकाचा विचार करा. पहिली गाडी साधी, ओळखीच्या तंत्राची, लवकर तयार होणारी असावी. तेच तंत्र पुन्हा वापरलं की कंपनीचा हात त्यावर बसतो आणि पुढचं काम जलद होतं.

कारखाना मागणीच्या बेताचा बांधा. मोठा कारखाना अर्धा रिकामा राहिला तर कर्जाचे हप्ते गाडी विकण्याआधी कंपनी खातात. आणि पहिली गाडी विकायला सुरुवात होताच दुसरीचं काम लावा. पहिलीच्या यशाची वाट पाहत बसलात तर मधे दोन-तीन वर्षांची पोकळी पडते, आणि बहुतेक नव्या कंपन्या त्या पोकळीतच बुडतात. दुसरी गाडी म्हणजे नवी फॅमिली नव्हे. त्याच इंजिनचा ७२ मिमी बोअरचा व्हेरियंट काढा, बॉडी नवी घ्या.

पायरी १०: बीमएनजीत चालवून पाहा

दोन्ही गेम एकाच संगणकावर असतील तर ऑटोमेशनमधून गाडी निर्यात करता येते आणि ती बीमएनजीच्या गाड्यांच्या यादीत येते. पहिल्यांदा उघडायला वेळ लागतो, गोठलं समजून बंद करू नका.

इथे तुमच्या निर्णयांचा हिशेब होतो. अरुंद टायर, मागचा सॉलिड ॲक्सल, उंच बॉडी यांचं वळणावर काय होतं ते आकड्यांत समजत नाही, स्टिअरिंग हातात घेतल्यावर समजतं. सपाट, मोकळ्या नकाशावर सुरू करा, आधी सरळ रस्त्यावर ब्रेक मारून बघा, मग वळणं. गाडी नीट ओढत नसेल तर ऑटोमेशनमध्ये परत जाऊन गिअरिंग बदला आणि पुन्हा निर्यात करा. बीमएनजीत केलेली दुरुस्ती ऑटोमेशनमधल्या मूळ गाडीत येत नाही.

गाडीची फाइल दुसऱ्या खेळाडूला पाठवताही येते. खेळाडूंमध्ये यावर स्पर्धा चालतात: एक जण गिऱ्हाईक होऊन आपली गरज, वर्ष आणि बजेट सांगतो, बाकीचे गाड्या पाठवतात, तो निवाडा करतो. दोन-तीन गाड्या झाल्या की अशा एखाद्या स्पर्धेत जरूर उतरा. पाठवण्याआधी दोन गोष्टी तपासा: गाडीत एकही मॉड नाही ना, आणि नियमांत सांगितलेलं वर्ष फॅमिली, व्हेरियंट, मॉडेल, ट्रिम या चारही ठिकाणी बरोबर आहे ना. बाद होणाऱ्या बऱ्याच गाड्या या दुसऱ्या कारणाने बाद होतात.